डेट्रॉईट लायन्स, 2008: सोळापैकी सोळा सामने हरले तेव्हा इथे कोण होतं?

अनुजा_कॅन्टन

नमस्कार. आम्ही एप्रिलमध्ये पुण्याहून मिशिगनला, कॅन्टनला राहायला आलो. मुलगा आठवीत आहे. शाळेत, बसमध्ये, दुकानात, जिथे जाल तिथे लायन्स, म्हणजे डेट्रॉईटचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. त्यामुळे आमच्याही घरी रविवारची दुपार फुटबॉलच्या नावे लागली आहे. सुरुवातीला मी नुसतीच बघत बसायचे, आता चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं इथपर्यंत कळतं.

मागच्या आठवड्यात एक सामना हरल्यावर लेक जेवेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं. माझ्या शेजारी बसतात त्या बाई जन्मापासून याच भागातल्या. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, आम्ही 2008 काढलंय." आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. घरी येऊन शोधलं. 16 सामने, 16 पराभव. एखादी बरोबरीसुद्धा नाही.

मला हे खरंच समजून घ्यायचंय. या लीगमध्ये पगाराची मर्यादा सगळ्या संघांना सारखी असते आणि जो तळाला राहतो त्याला पुढच्या वर्षी कॉलेजच्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळते. मग एखादा संघ इतका खाली जातो कसा? आणि त्या वर्षी इथली माणसं काय करत होती? बघणं सोडून दिलं होतं का? तेव्हा इथे असलेल्या कुणी लिहिलं तर मुलाला वाचायला देईन. त्याचं मराठी वाचन अजून छान आहे.

रातपाळी_नाशिक

मी नाशिकहून बघतो (उन्हाळी वेळ असते तोवर रात्री साडेदहा, नंतर साडेअकरा), पण 2008 मध्ये मला हा खेळच माहीत नव्हता. त्यामुळे फक्त निवडीबद्दल लिहितो.

2001 पासून लायन्सचा कारभार मॅट मिलन यांच्याकडे होता. स्वतः मोठे खेळाडू, नंतर टीव्हीवर समालोचन, पण संघ चालवण्याचा अनुभव नाही. त्यांनी 2003, 2004, 2005 आणि 2007 अशा चार वर्षी पहिल्या फेरीतली निवड पास झेलणाऱ्या खेळाडूवर खर्च केली. त्यातला शेवटचा कॅल्विन जॉन्सन, तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. पण 2003 आणि 2005 चे दोघे फार काही न करता संघाबाहेर झाले. झेलणारा कितीही चांगला असला तरी फेकणाऱ्याला तीन सेकंद उभं राहू देणारी माणसं लागतात आणि समोरच्याला अडवणारीही लागतात. त्या जागा रिकाम्याच राहत गेल्या. मिलन यांच्या काळात संघ 31 सामने जिंकला आणि 84 हरला.

बाकीचं ट्रॉयचे काका सांगतील. ते या विषयावर आले नाहीत तर मलाच चुकल्यासारखं वाटेल.

ट्रॉयचे_काका

अनुजाताई, मी होतो इथे. 2004 मध्ये चिंचवडहून आलो. टूलरूममधला माणूस, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या डाय बनवणं हेच काम तिकडे आणि हेच इकडे. तुमच्या ऑफिसातल्या बाई गप्प का झाल्या ते मला कळतं. सवडीने लिहितो, लांबेल.

आधी एक गोष्ट. तो संघ ऑगस्टमध्ये कुणालाच भंगार वाटत नव्हता. 2007 मध्ये पहिल्या आठपैकी सहा सामने जिंकले होते, मग घसरून 7-9 वर आले, म्हणजे सात विजय, नऊ पराभव. 2008 चे सराव सामने चार, चारही जिंकले. आमच्या धंद्यात नवी डाय ट्रायआउटला चढवतात तेव्हा पहिले पीस सुरेख निघतात, साहेब येऊन पाठ थोपटतात आणि प्रॉडक्शनला लावली की दुसऱ्या तासाला पत्रा फाटायला लागतो. 7 सप्टेंबरला अटलांटात तेच झालं. समोर मॅट रायन नावाचा नवखा पोरगा. त्याने या लीगमध्ये फेकलेला पहिलाच पास 62 यार्डांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू थेट आपल्या गोलरेषेपार गेला. 21-34.

तो सामना मी शेजारच्या गॅरेजमध्ये पाहिला. शेजारी म्हणजे एक निवृत्त टूलमेकर. 1957 ला लायन्सने शेवटचं विजेतेपद मिळवलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर हार्डवेअरच्या दुकानात फुकट मिळालेलं कॅलेंडर असायचं. सामना संपला की ते कानामागची सुतारी पेन्सिल काढून त्या रविवारच्या चौकोनात स्कोअर लिहायचे, आपले गुण आधी. वर एक अक्षर नाही, शेरा नाही. 21-34. 25-48. 13-31.

तिसऱ्या पराभवानंतर मालकांचे चिरंजीव बिल फोर्ड ज्युनियर जाहीरपणे म्हणाले की आपल्या हातात असतं तर मिलन यांना काढलं असतं. दोन दिवसांत, 24 सप्टेंबरला, मिलन गेले. लोकांना हायसं वाटलं, कारण "मिलनला काढा" असे फलक आम्ही कित्येक वर्षं बघत होतो. पण हंगाम सुरू झाल्यावर कारभारी बदलून मैदानावरची माणसं बदलत नाहीत. पुढच्या सामन्यात शिकागोने 34-7 मारलं.

आता 12 ऑक्टोबर, मिनियापोलिस. हा सामना तुमच्या मुलाला नीट सांगा, कारण सगळं वर्ष त्यात आहे. डॅन ऑर्लोव्हस्की हा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) म्हणून सुरुवातीपासून पहिल्यांदाच उतरला होता. चेंडू आपल्याच गोलरेषेजवळ. तो मागे सरकला, समोरून मिनेसोटाचा जॅरेड ॲलन धावत आला. ऑर्लोव्हस्की त्याला चुकवायला उजवीकडे पळाला आणि पळता पळता मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर गेला. कबड्डीत चढाईवाल्याचं लक्ष पकडणाऱ्याकडे असतं आणि पाय रेषेबाहेर पडतो, अगदी तसं. फरक एवढाच की याला ते कळलंच नव्हतं. शिट्टी वाजली तरी तो पास फेकायच्या पवित्र्यात पळतच होता. अशा चुकीला सेफ्टी म्हणतात, समोरच्या संघाला दोन गुण मिळतात. आम्ही 12-10 ने हरलो. दोनच गुणांनी. शेवटी शेवटी आपण 10-9 ने पुढे होतो, पण पंचांनी एक फाऊल दिला, जो इथे आजही कुणाला पटत नाही, आणि अगदी शेवटच्या सेकंदांत मिनेसोटाने किक मारून सामना नेला.

आजोबांनी 10-12 लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली नाही. बराच वेळ चौकोनाकडे बघत होते. मग मला म्हणाले, त्या पोराला आयुष्यभर हे दाखवत राहतील. तसंच झालं. ऑर्लोव्हस्की आता टीव्हीवर फुटबॉलचं विश्लेषण करतो, उत्तम करतो, आणि स्वतःच्या त्या पळण्याबद्दल मोकळेपणाने बोलतो. मला त्याचा फार आदर वाटतो.

तुम्ही विचारलंत, इतका खाली कसा गेला. दुसऱ्या बाजूला असं बघा: कॅल्विन जॉन्सनने त्या वर्षी 1331 यार्ड आणि 12 टचडाउन काढले. किक मारणारा जेसन हॅन्सन, तेव्हा अडतीस वर्षांचा, त्याने 50 यार्ड किंवा त्याहून लांबच्या आठ किका मारल्या, आठही आत. म्हणजे चांगले भाग होते. बचाव मात्र नव्हताच: वर्षभरात 517 गुण दिले आणि समोरच्याचे पास हिसकावले फक्त 4. आणि तरीही चार सामने सात किंवा त्याहून कमी गुणांनी गेले. टँपा बे विरुद्ध तर आपण 17-0 ने पुढे होतो. गॅरेजमध्ये मी टाळी वाजवली, आजोबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. 20-38. दहा-अकरा वेळा हरलेल्या माणसाचे हात पुढे असतानाच आखडतात, ते मला त्या दिवशी रेडिओवर ऐकूनही कळलं. ज्या आठवड्यात आक्रमण चालायचं त्या आठवड्यात बचाव फुटायचा, आणि दोन्ही सावरले तर शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी व्हायचं.

लोक बघत होते का? बघायला मिळायचंच नाही! तेव्हा नियम होता की घरच्या मैदानावरच्या सामन्याच्या 72 तास आधी सगळी तिकिटं खपली नाहीत तर तो सामना त्या शहरात टीव्हीवर दाखवायचा नाही. ऑक्टोबरअखेरच्या वॉशिंग्टन सामन्यापासून आमच्याकडे हे सुरू झालं. मग रेडिओ. गॅरेजमध्ये एक हीटर, दोन घडीच्या खुर्च्या आणि वर्कबेंचवर रेडिओ.

आणि ते वर्ष नुसतं फुटबॉलचं नव्हतं, हे तुमच्या मुलाला कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबरात इथल्या तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांचे (जीएम, फोर्ड, क्रायस्लर) प्रमुख वॉशिंग्टनला सरकारकडे मदत मागायला गेले आणि खासगी विमानांनी गेले म्हणून देशभर शिव्या खाऊन आले. इथे प्रत्येक घरात कुणीतरी मोटारीच्या धंद्यात. आमच्या छोट्या पुरवठादार कंपनीने नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी अकरा जणांना घरी पाठवलं, त्यात मी होतो. माझी मायक्रोमीटरची पेटी, स्टीलची पट्टी आणि मुलीचा फोटो एवढं घेऊन निघालो. चिंचवडला आईला फोनवर सांगितलं नाही. रविवारी नेहमीच्या वेळी आजोबांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांना गाडी दिवसभर दारात उभी दिसली होती, त्यामुळे कळलं असणार. काही विचारलं नाही. माझ्या खुर्चीखाली हीटर सरकवला. कॅरोलायनाविरुद्ध 22-31.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला दरवर्षी डेट्रॉईटला सामना असतो. त्या वर्षी समोर टेनेसी. अर्ध्यावरच 10-35 होतं, संपलं 10-47 वर. हा सामना सगळा देश टर्की खाताखाता बघतो. देशभर चर्चा सुरू झाली की डेट्रॉईटचा थँक्सगिव्हिंगचा मान काढून घ्या. कारखाने जाताहेत, नोकऱ्या जाताहेत, आणि आता वर्षातला हा एक दिवसही नको म्हणतात. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की मी या गावचा आहे. परक्याला एवढं लागलं नसतं.

अनुजा_कॅन्टन

काका, मुलाने दोनदा वाचलं. ऑर्लोव्हस्कीचा व्हिडिओ शोधून बघितला आणि हसला नाही, हे मुद्दाम सांगते. त्याचा प्रश्न: तुम्ही त्या वर्षी एकदा तरी मैदानात गेलात का? आणि माझा: पुढे नोकरीचं काय झालं?

ट्रॉयचे_काका

गेलो. 21 डिसेंबर, न्यू ऑर्लिन्सविरुद्ध, घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. शुक्रवारी जोरदार बर्फ पडला होता आणि त्याच शुक्रवारी वॉशिंग्टनहून मोटार कंपन्यांना कर्ज मंजूर झाल्याची बातमी आली होती. आजोबांच्या पुतण्याकडे दोन तिकिटं होती, त्याला यायचं नव्हतं. मी बायकोला म्हटलं, नोकरी नाही आणि मी सामन्याला कुठे जाऊ. ती म्हणाली, तिकीट फुकट आहे, ते एकटे जाताहेत, जा.

फोर्ड फील्डमध्ये रांगाच्या रांगा रिकाम्या. काही जण लाज वाटते हे दाखवायला डोक्यावर कागदी पिशव्या घालून आले होते, डोळ्यांपुरती भोकं पाडून. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई दोन पोरांना घेऊन बसली होती, पिशवीबिशवी काही नाही, लायन्सची निळी टोपी, आणि ती प्रत्येक वेळी बचावाला उभं राहून ओरडत होती. 7-35 असतानाही. शेवटी 7-42 झालं. मी स्कोअर विसरलो असतो, त्या बाईचा बसलेला आवाज नाही विसरणार. सामन्यानंतर प्रशिक्षक रॉड मॅरिनेली पत्रकारांसमोर आले. बचावाचे प्रशिक्षक जो बॅरी त्यांचे जावई. एका पत्रकाराने त्यावरून त्यांच्या मुलीला मध्ये घेऊन प्रश्न विचारला. मला ते तेव्हाही चीड आणणारं वाटलं आणि आजही वाटतं. पंधरा सामने हरलात म्हणून घरच्या लेकीचं नाव चारचौघांत निघावं? मॅरिनेलींनी आवाज चढवला नाही.

शेवटचा सामना 28 डिसेंबर, ग्रीन बेला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये 14-14 होतं. मी देवाला खरोखर हात जोडले होते. 21-31. दुसऱ्या दिवशी मॅरिनेली आणि बॅरी दोघांनाही काढलं. आजोबांनी शेवटचा चौकोन भरला, कॅलेंडर उतरवलं आणि टाकून न देता कपाटावर ठेवलं.

नोकरी: नऊ महिने नव्हती. 2009 मध्ये क्रायस्लर आणि जीएम दोन्ही दिवाळखोरीत गेल्या, त्या काळात टूलरूमवाल्याला कोण विचारणार. ऑगस्टअखेरीस एका ठिकाणी, पगार आधीच्या तीनचतुर्थांश, पण मिळाली. आणि 27 सप्टेंबर 2009 ला लायन्स वॉशिंग्टनविरुद्ध 19-14 ने जिंकले. सलग 19 पराभवांनंतर. पहिल्या निवडीने आलेला मॅथ्यू स्टॅफर्ड तेव्हा एकवीस वर्षांचा. तोही सामना रेडिओवरच ऐकला. आजोबांनी 19-14 लिहिलं, नेहमीएवढ्याच अक्षरात, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. का दिली ते मला कळलं नाही. मी त्याखाली मराठीत तारीख लिहिली.

क्लीव्हलँडचा_मंदार

काका, 2008 चा जोडीदार हजर आहे. आमचे ब्राउन्स 2017 ला 0-16. त्याच्या आदल्या वर्षी 1-15, म्हणजे दोन वर्षांत 32 सामन्यांत एक विजय. शेवटचा सामना पिट्सबर्गला, 24-28, चौथ्या प्रयत्नात कोरी कोलमनच्या हातात आलेला पास निसटला आणि संपलं. तुमच्या आणि आमच्या वर्षात मला एक फरक दिसतो. तुमचे लोक जिंकायचा प्रयत्न करून हरले. आमच्याकडे वरच्या लोकांनी जाणीवपूर्वक अनुभवी खेळाडू सोडून पुढच्या निवडी साठवल्या होत्या. ते गणित मला कधीच पटलं नाही. मैदानावर उतरणाऱ्या पोरांचं ते एकच आयुष्य असतं.

जानेवारीत लोकांनी कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती गोल फेरी काढली, शून्याच्या आकाराची. काहींना ती अपमानास्पद वाटली. मी गेलो होतो, कारण तिथून जमलेली मदत अन्नपेढीला जाणार होती, आणि घरी बसवत नव्हतं. मग 20 सप्टेंबर 2018 ला जेट्सविरुद्ध 21-17. 635 दिवसांनी विजय. एका बिअर कंपनीने शहरातल्या बारमध्ये कुलूपबंद फ्रिज ठेवले होते, विजय झाला की आपोआप उघडणारे. मी बिअर घेत नाही, पण त्या फ्रिजचं दार उघडताना बघायला मुद्दाम गेलो होतो. शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं होतं.

अनुजा_कॅन्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ते आजोबा आहेत ना? आणि मुलगा म्हणतो थँक्सगिव्हिंगच्या सामन्याला जायचं. थंडीत त्याला न्यावं का?

ट्रॉयचे_काका

आहेत. काही वर्षांपूर्वी टेनेसीला लेकीकडे गेले. 14 जानेवारी 2024 ला रॅम्सविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा सामना होता. लायन्सने प्लेऑफचा सामना शेवटचा जिंकला होता जानेवारी 1992 मध्ये. समोर क्वार्टरबॅक कोण, तर आपलाच स्टॅफर्ड. आपला प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल. तो 2008 च्या त्या संघात खेळाडू होता, पहिल्याच सामन्यानंतर दुखापतीने बाहेर बसून त्याने बाकीचं सगळं बघितलं होतं. शेवटच्या दोन मिनिटांत आजोबांचा फोन आला. दोघंही बोलत नव्हतो, नुसता फोन कानाला. त्यांचा टीव्ही माझ्यापेक्षा चार-पाच सेकंद पुढे होता. 24-23 वर आपल्याला शेवटचा फर्स्ट डाउन मिळाला (दहा यार्ड पुरे झाले, चेंडू आपल्याकडेच राहिला) ते मला पडद्यावर दिसायच्या आधी त्यांच्या ओरडण्यातून कळलं. एकोणीस वर्षांत त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

थँक्सगिव्हिंगला जरूर न्या. 1934 पासून चालू आहे, मान कुणी काढून घेऊ शकलं नाही. मैदानाला छप्पर आहे, आत स्वेटरही नको होतो. थंडी फक्त पार्किंगपासून दारापर्यंत, तेवढ्यापुरती कानटोपी आणि हातमोजे. पिशवी पारदर्शकच लागते, नाहीतर दारावरून परत पाठवतात. सामना दुपारी साडेबारा-एकच्या आसपास असतो, तुम्ही अकरापर्यंत गाडी लावा. येताना ट्रॉयला या. हिने पुरणपोळ्या करायच्या ठरवल्या आहेत, आणि 2008 चं ते कॅलेंडर आजोबा जाताना माझ्याकडे ठेवून गेलेत. मुलाला हातात घेऊन बघता येईल.